अंगणातला पारिजातक

इंदूरचे जुने घर पाडून नवे बांधले, तेव्हा पुढच्या अंगणात हिरवळ हवीच असा आम्ही उभयतांनी हट्ट धरला. तिच्या आड येणारा पारिजातक तोडावा लागला. तो सासूबाईंनी लावलेला होता. त्या काही बोलल्या नाहीत. मात्र श्रावण लागताच परडी घेऊन चार घरे पलीकडे फुले वेचावयास जाऊ लागल्या. पंचाहत्तरीच्या वयात परक्या कुंपणाशी वाकलेली त्यांची आकृती दिसली की आम्ही खिडकीचा पडदा ओढून घेत असू.

त्या हिरवळीने आम्हांस तीन उन्हाळे राबविले. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. १९७८ साली नर्मदेचे पाणी शहरात आले खरे. पण ते जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून आणावे लागते. असे पाणी गवताला पाजताना आमचे आम्हांलाच ओशाळल्यासारखे होई. चौथ्या उन्हाळ्यात कूपनलिका आटली, हिरवळ करपली, आणि आम्ही सासूबाईंपुढे जाऊन बसलो.

"जे इथल्या रानात आपलं आपण जगतं, ते लावा," एवढेच त्या म्हणाल्या.

माळ्याने हरसिंगाराचे, म्हणजे आपल्या पारिजातकाचेच, रोप आणले. ते त्यांनी स्वहस्ते लावले. जोडीला अडुळसा, करवंदीची कड, कुंपणावर गुळवेल, आणि स्वयंपाकघरामागे कढीलिंब. पहिली दोन वर्षे पाणी घातले. पुढे धुण्याभांड्यांचे पुरले.

एके दिवशी कढीलिंबावर पक्ष्यांच्या विष्ठेसारखे काहीतरी हलताना दिसले. आम्ही औषधाचा पंप काढला. सासूबाईंनी हात धरला. काही दिवसांत त्यांच्या हिरव्यागार अळ्या झाल्या. डिवचले की डोक्यामागून तांबडी शिंगे बाहेर येत व उग्र दर्प सुटे. निम्म्या अळ्या शिंप्याच्या जोडीने पिलांसाठी उचलल्या. उरल्यांतून काळी, पांढऱ्या ठिपक्यांची फुलपाखरे निघाली. ती लिंबू-कढीलिंबाच्या कुळातील झाडांवरच अंडी घालतात. आमच्या हिरवळीने तीन वर्षांत त्यांतल्या एकाचेही पोट भरले नव्हते. कढीलिंबाला महिनाभरात नवी पालवी आली आणि आमटीचेही काही अडले नाही.

देशी झाडांचे सोवळे मात्र आम्ही पाळीत नाही. देवाला चालणारा झेंडू मेक्सिकोकडचा, देवचाफाही अमेरिका खंडातला. दोन्ही अंगणात सुखाने नांदतात. होळकरांच्या मागोमाग माळव्यात उतरलेल्या कुळांनी मूळचा इथला कोण, याची फार चौकशी करू नये हेही खरेच.

गेल्या श्रावणात पारिजातक भरभरून फुलला. सासूबाईंना आता वाकवत नाही. रात्री आम्ही झाडाखाली त्यांचे जुने लुगडे अंथरतो आणि पहाटे चारी टोके धरून त्यांच्या खुर्चीपाशी नेतो. त्या फुले परडीत भरतात. पण पहिली ओंजळ चार घरे पलीकडे पाठवितात.

"इतकी वर्षं त्यांची फुलं माझ्या देवाला वाहिली," म्हणतात.

ती ओंजळ घेऊन जाण्याचे काम आमच्याकडे आहे.