पडलो, पण लिहून दिलं नाही

14 ऑगस्टला शाळेत पताका लावताना मी स्टुलावरून पडलो. उजवं मनगट मोडलं. 'शाळा आपलीच' म्हणून कुठेच काही लिहून दिलं नाही. दीड महिन्याची मेडिकल रजा माझ्याच खात्यातून गेली.

पुढे एका जुन्या लिपिकांनी विचारलं, "गुरुजी, कामावर पडलात ना? मग विशेष विकलांगता रजा का नाही मागितली?"

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये कर्तव्यावरच्या दुखापतीसाठी ही रजा आहे, जास्तीत जास्त 24 महिने. पण अपघात वेळेत कळवायला हवा, वैद्यकीय दाखला हवा. माझ्याकडे होता फक्त प्लास्टरचा फोटो!

आता शाळेत कुणीही सहकारी पडला, की आधी दवाखाना आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज.