बांध

आमच्या मावळात भातखाचराचा बांध कुणी एका रात्रीत फोडत नाही. शेजारी दर नांगरटीला वीतभर कोरतो. बोललं तर म्हणतो, ‘एवढ्याशानं काय होतंय?’ मग एखाद्या वर्षी बांधावरून चालताना पावलापुढे पाऊल ठेवावं लागतं आणि माणूस मोजणीचा अर्ज लिहायला बसतो.

माझा पुतण्या लोणावळ्याला सहावीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचा डबा भरलेलाच परत यायला लागला. खोदून विचारलं तर म्हणे, ‘काही नाही, गंमत करतात.’ गंमत अशी, की रोज एकजण डब्याचं झाकण उचलून वास घ्यायचा, बाकीचे निकालाची वाट बघायचे. तो ‘नापास’ म्हणाला की अख्खा बाक नाक धरायचा. डबा कुणी सांडला नाही, पोराला कुणी हात लावला नाही. तक्रार करायची तरी कशाची?

भाऊ म्हणाला, ‘एक ठेवून दे.’ आई म्हणाली, ‘लक्षच देऊ नकोस.’ दोन्ही सल्ल्यांत निस्तरायचं पोरानंच.

डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञानं 1970च्या दशकापासून शाळकरी मुलांच्या दादागिरीचा अभ्यास केला. मुद्दाम दिलेला त्रास, तोही पुन्हा पुन्हा, आणि सोसणाऱ्याचं बळ कमी, या त्यानं सांगितलेल्या खुणा. आपण मात्र सगळ्यालाच ‘चिडवणं’ म्हणून मोकळे होतो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं. पण त्यातली कारवाई सेवानियमांखालची, म्हणजे नोकरदार मोठ्यांवरची. डब्याचा वास घेणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला कुठले सेवानियम?

आणि मी तरी कोण? आमच्या वर्गात पवन मावळातला एक मुलगा पावसात पोत्याची खोळ घेऊन यायचा. त्याला आम्ही ‘खोळ्या’ म्हणायचो. नाव मी ठेवलं नव्हतं, हसायला मात्र पहिल्या रांगेत होतो. एके दिवशी त्यानं खोळ आणणंच सोडलं. दारात निथळत उभा राहायचा. दुधाच्या पिशव्यांत गुंडाळलेली पुस्तकं मात्र कोरडी. मास्तर विचारायचे, ‘का रे, खोळ कुठाय?’ तो म्हणायचा, ‘फाटली.’ ती फाटलेली नाही हे आम्हाला ठाऊक होतं.

पुतण्याच्या बाईंना मी भेटलो. त्यांनी मुलांच्या जागा बदलल्या आणि काही दिवस मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा घेऊन वर्गातच बसल्या. डबे रिकामे यायला लागले. पोराला तेवढ्यात एक वाक्यही सापडलं होतं, ‘माझा डबा मी उघडणार.’ आमच्या घरात ते त्याला कुणी शिकवलं नसणार. इथे पाहुण्यांना पापी द्यायला लावतात, आणि गाल ओढला म्हणून रडला तर हसतात.

परवा शाळेची डायरी बघायला मी त्याच्या दप्तराची चेन ओढली.

‘काका, विचारून घ्यायचं.’

आतून आई म्हणाली, ‘बघ, कसा उलटून बोलतोय!’

चेन अर्धी उघडली होती. मी ती परत लावली.

‘बघू का?’

त्यानं जरा विचार केला. म्हणाला, ‘थांब, मीच काढून देतो.’