आर्ब्रोथ : लाल दगडांचे बंदर

डंडीहून ॲबर्डीनकडे निघालेली आगगाडी टे नदीचे मुख मागे टाकून उत्तर समुद्राच्या काठाने धावू लागते आणि सुमारे 27 किलोमीटरवर स्कॉटलंडच्या अँगस परगण्यातील आर्ब्रोथ हे जुने बंदर येते. या गावाचे नाव ज्यांमुळे जगाला ठाऊक झाले, त्या बहुतेक गोष्टी आज गावात नाहीत. उरला आहे तो लाल वालुकाश्माचा भग्न मठ आणि बंदरावरचा धूर.

स्कॉटलंडचा राजा पहिला विल्यम याने 1178 साली हा मठ स्थापन केला, तो तिरोनेन्शियन संन्याशांसाठी, म्हणजे फ्रान्समधील तिरों येथे उगम पावलेल्या आणि हातच्या कारागिरीला मान देणाऱ्या ख्रिस्ती पंथासाठी. मठ अर्पण झाला तो आर्चबिशप टॉमस बेकेटला, ज्याला आठच वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाच्या सरदारांनी कँटरबरीच्या चर्चमध्ये ठार केले होते. आणि विल्यम स्वतः 1174 साली इंग्रजांच्या कैदेत पडलेला असल्यामुळे या निवडीत भक्तीइतकेच राजकारणही असावे. 1560 च्या धर्मसुधारणेनंतर मठ ओस पडला, त्याचे दगड गावकऱ्यांनी घरांसाठी नेले, तरी दक्षिणेकडील आडव्या दालनाच्या भिंतीतील ‘राउंड ओ’ नावाची मोठी गोल खिडकी अजून उभी आहे.

याच मठाचे स्थळनाम घालून 6 एप्रिल 1320 रोजी स्कॉटिश सरदारांचे एक लॅटिन पत्र आव्हीन्यों येथील पोप बाविसावा जॉन याच्याकडे रवाना झाले. 1314 मध्ये इंग्रजांविरुद्धची बॅनकबर्नची लढाई जिंकूनही स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याला पोपची मान्यता नव्हती, त्यामुळे स्कॉटलंड हे स्वतंत्र राज्य असल्याचा दावा त्यात मांडला गेला, आणि खुद्द ब्रूसने देश इंग्रजांच्या हवाली केल्यास त्यालाही दूर करून दुसरा राजा नेमू, असेही बजावले गेले. पुढील काळात या पत्राला लोकशाहीचा जाहीरनामा मानण्याची प्रथा पडली. ती अतिशयोक्तीच म्हटली पाहिजे, कारण ही मूठभर जहागीरदारांची मुत्सद्देगिरी होती, सामान्य कोळ्याला तीत स्थान नव्हते. पत्राची उरलेली प्रत एडिंबरा येथे जपलेली आहे. स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाची शिळाही अशीच पाहुणी ठरली : 1950 च्या नाताळात चार विद्यार्थ्यांनी ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून पळवली, एप्रिल 1951 मध्ये ती याच मठात ठेवलेली सापडली, आणि लगेच लंडनला परत गेली.

बंदरापासून सुमारे 18 किलोमीटर आत समुद्रात बेल रॉक हा खडक आहे, जो ओहोटीला काही तासच उघडा पडतो आणि भरतीला पूर्ण बुडतो. 1804 साली नाहीशी झालेली ‘यॉर्क’ ही युद्धनौका त्यावरच आपटली असे मानले जाते, आणि त्यानंतर दीपस्तंभाच्या मागणीला जोर आला. 1807 साली काम सुरू झाले. आर्ब्रोथच्या आवारात दगड घडवून, थर जुळवून पाहून, मग ते नावेने खडकावर नेले जात. प्रत्येक दगडाला खाचा-कंगोरे असे ठेवलेले होते की शेजारचा दगड त्यात घट्ट अडकावा आणि लाटेने एकही सुटू नये. कामगार आधी लांब पाण्यात नांगरलेल्या जहाजावर आणि पुढे खडकावर लाकडी खांबांवर उभारलेल्या खोपटात राहत. 1 फेब्रुवारी 1811 रोजी दिवा पेटला. मुख्य अभियंता म्हणून जॉन रेनी यांची नेमणूक होती, तरी प्रत्यक्ष उभारणीचे श्रेय लोकांनी रॉबर्ट स्टीव्हन्सन यांना दिले, आणि ते देणे योग्यच वाटते. सुमारे 35 मीटर उंचीचा हा स्तंभ, समुद्रातच उभ्या असलेल्या दीपस्तंभांमध्ये जगातील सर्वांत जुना शिल्लक मानला जातो. दिवेकऱ्यांची कुटुंबे किनाऱ्यावर 1813 च्या सिग्नल टॉवरमध्ये राहत आणि तेथून खुणेने स्तंभाशी संपर्क ठेवत.

तिथून काही पावलांवर कोळीवाडा आहे, जेथे एकोणिसाव्या शतकात जवळच्या ऑकमिथी गावातून आलेल्या कोळ्यांनी ‘स्मोकी’ आणली : मीठ लावलेले दोन हॅडॉक मासे शेपट्यांनी बांधून, दांडीवर टांगून, कठीण लाकडाच्या धुरावर शिजवतात. 2004 साली युरोपीय संघाने तिला भौगोलिक मानांकन दिले, त्यामुळे हे नाव आर्ब्रोथपासून सुमारे 8 किलोमीटरच्या आत केलेल्या माशालाच वापरता येते. मठ पाहून परतणाऱ्यांनी सिग्नल टॉवरमधील संग्रहालय चुकवू नये. या गावाने स्वतःच्या हातांनी काय केले, ते तेथेच नीट कळते.