येतों

आपल्याकडे निरोप घेणारा पाहुणा 'जातों' म्हणत नाहीं; उंबऱ्यावर क्षणभर थांबून 'येतों' म्हणतो. संगणकाच्या पानावर प्रश्न विचारण्यास उभ्या राहणाऱ्या चौकटीसही हीच रीत असावी, असें आम्ही पानें रचूं लागल्यापासून आम्हांस वाटतें. अर्ज भरणाऱ्या आजोबांसमोरून ती एकाएकीं नाहींशी झाली, कीं अर्ज पोंचला कीं बुडाला, हें त्यांस उमगत नाहीं.

ब्राउझरची 'डायलॉग' ही चौकट बंद असतां 'डिस्प्ले: नन' या नियमामुळें पानावर मांडलीच जात नाहीं. जें मांडलेंच नाहीं, त्याचें रूप सीएसएसच्या 'ट्रान्झिशन'नें हळूहळू पालटणार कसें? क्रोममध्यें २०२३ सालीं यावर उपाय आला. 'स्टार्टिंग-स्टाइल' या नियमांत प्रवेशापूर्वींचें पारदर्शक रूप सांगावें. 'डिस्प्ले' व 'ओव्हरले' यांच्या ट्रान्झिशनला 'अलाउ-डिस्क्रीट' जोडावें. म्हणजे चौकट पुरती विरेपर्यंत पानावर थांबते. यास पाव सेकंद पुरे.

मात्र अशा हालचालीनें कित्येकांस घेरी येते. त्यांनीं आपल्या यंत्रांत हालचाल कमी करण्याची सूचना दिली असल्यास 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन'नें ती ओळखावी, व चौकटीनें साधेपणानें यावें, साधेपणानें जावें. समोरच्यास सोसेल, तेंच सौजन्य.