हजिरा ते घोघा, आणि आबांची शिट्टी

सुरतेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना समुद्र म्हटलं की डुमस आठवतं. काळी वाळू, टोमॅटोची भजी, भाजलेलं कणीस, आणि ओहोटीला पाणी इतकं लांब गेलेलं की आपण समुद्र बघायला आलो की चिखल, असा प्रश्न पडावा. डुमसच्या भुतांच्या गोष्टी तर शाळेतलं प्रत्येक पोर सांगतं. डॉल्फिनची गोष्ट मात्र मी इतक्या वर्षांत कुणाकडून ऐकली नव्हती. ती मला या दिवाळीत हजिऱ्याहून घोघ्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर ऐकायला मिळाली. सांगणारी होती माझी आठवीतली मुलगी.

भावनगरला आतेबहिणीकडे जायचं होतं. रस्त्याने खंभातच्या आखाताला वळसा घालून गेलं तर साधारण ३७० किलोमीटर पडतात, समुद्रातून ९० च्या आसपास. नोव्हेंबर २०२० मध्ये ही फेरी सुरू झाली तेव्हापासून आबांना एकदा तिच्यात बसायचं होतं. गाडी बोटीच्या पोटात घातली आणि आम्ही वर डेकवर आलो. आबा कठड्याला धरून उभे राहिले ते बराच वेळ हललेच नाहीत.

हे पाणी कोकणासारखं निळं नाही. तापी, नर्मदा, मही, साबरमती, सगळ्यांचा गाळ या आखातात येतो आणि भरती-ओहोटी तो सतत ढवळत राहते. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, म्हणजे तीन मजली घर बुडेल एवढा. पाण्याचा रंग थेट चहाचा. मुलगी म्हणाली, "यात डॉल्फिनला स्वतःची शेपटीसुद्धा दिसत नसेल."

दुर्बीण ती घरूनच घेऊन आली होती. २०२४ मध्ये गुजरातच्या वन विभागाने आपल्या किनाऱ्यावर सुमारे ६८० डॉल्फिन असल्याचं जाहीर केलं, पण त्यातले बहुतेक कच्छच्या आखातात. भावनगरच्या बाजूला फक्त १०. हे तिला ठाऊक होतं, तरी दुर्बीण खाली ठेवायला ती तयार नव्हती. दहा तर दहा!

डॉल्फिन काही दिसला नाही. मग तिने फोनमध्ये उतरवून घेतलेले डॉल्फिनचे आवाज काढले आणि आम्हाला शिकवणी सुरू झाली.

बाटलीसारख्या तोंडाचा जो डॉल्फिन आपण चित्रात बघतो, त्या जातीतल्या प्रत्येकाची स्वतःची एक शिट्टी असते. अमेरिकेत मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या जोडप्याने १९६५ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं. गंमत म्हणजे हे नाव कुणी ठेवत नाही. बारसं नाही, आत्या नाही. पिल्लू पहिल्या वर्षभरात आजूबाजूच्या शिट्ट्या ऐकतं आणि त्यातून आपली वेगळी शिट्टी स्वतःच घडवतं. ती पुढे वर्षानुवर्षं टिकते. दुसऱ्या डॉल्फिनने त्या शिट्टीची नक्कल करून हाक मारली, तर जिची ती शिट्टी असेल ती 'ओ' देते, म्हणजे स्वतःची शिट्टी परत वाजवते. स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जॅनिक यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाण्यात शिट्ट्या वाजवून हे तपासलं, २०१३ मध्ये. त्याच वर्षी जेसन ब्रक यांनी दाखवलं की वीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या सोबत्याची शिट्टीसुद्धा डॉल्फिन ओळखतो. आणि पिल्लू जवळ असलं की आई स्वतःची शिट्टी जरा चढ्या सुरात, लांब हेलकावे देत वाजवते. आपण तान्ह्या बाळाशी बोलताना करतो तसंच. फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरातल्या १९ आयांची ध्वनिमुद्रणं तपासून हे २०२३ मध्ये समोर आलं.

हे ऐकताना मी मनाने डुमसला पोचलो होतो.

आबा दोंडाईच्याहून ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने सुरतेला आले आणि उधन्याच्या एका लूमखात्यात लागले. त्या खात्यात शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. शटल लूमचा खडखडाट ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. कारागीर खुणांनी बोलत, नाहीतर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत. आबांनी ती सवय घरी आणली. ताईला एक लांब, सरळ शिट्टी. धाकट्याला तीन तुटक. मला दोन आखूड आणि तिसरी वर चढत जाणारी. चाळीत कुठेही खेळत असलो तरी आपली शिट्टी कोणती ते कळायचं. दुसऱ्याच्या शिट्टीला आम्ही मानसुद्धा वर करायचो नाही.

मी सात वर्षांचा असताना डुमसच्या गर्दीत हरवलो. संध्याकाळ झालेली, पाणी चढायला लागलेलं. नावाने हाक मारून काही उपयोग नव्हता, त्या किनाऱ्यावर माझ्या नावाची चार पोरं असतील. मग कुठूनतरी दोन आखूड आणि एक चढती शिट्टी आली. मी रडत रडत त्या दिशेने पळालो. आबांनी आधी एक चापट दिली आणि मग विचारलं, "कथा गयथा रे?"

आता आबांना ऐकू येत नाही. पस्तीस वर्षं लूमवर काढलेल्या पुष्कळ माणसांचं जे झालं तेच. आधी बारीक, चढे आवाज गेले, नंतर बोलणं. मशीन घेतलंय, पण ते बहुधा डबीतच असतं.

तर मुलीने डॉल्फिनचे आवाज वाजवले, मी ऐकले, आबा नुसते आमच्या तोंडाकडे बघत राहिले. ते तिच्या लक्षात आलं. तिने फोनवर त्याच शिट्ट्यांचे आलेख काढले. आवाज चढला की रेघ वर, उतरला की खाली. आबांनी चष्मा लावला. आयुष्यभर जकार्डच्या डिझाइनचे कागद बघितलेला माणूस. एकेका रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "ही आणि ही एकच. ही वेगळी. हिला शेवटी आकडा आहे." मुलीने पडताळून पाहिलं. बरोबर होतं. शास्त्रज्ञही कितीतरी वर्षं असंच, डोळ्यांनी रेघा जुळवून शिट्ट्या ओळखत आले आहेत. जॅनिक, लैला सायघ आणि रँडल वेल्स यांनी २००६ मध्ये तर शिट्टीतला आवाजाचा पोत काढून नुसती रेघ संगणकावर वाजवली. तरीही चौदापैकी नऊ डॉल्फिन परक्याच्या शिट्टीपेक्षा नातेवाईकाच्या शिट्टीकडे जास्त वळले.

आपल्या किनाऱ्यावर जास्त करून दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक डॉल्फिन. तोही शिट्ट्या घालतो. सिंधुदुर्गाच्या समुद्रात ध्वनिमुद्रित केलेल्या त्याच्या शिट्ट्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पुढच्या वेळी तारकर्लीला जाल तेव्हा डॉल्फिन दाखवणाऱ्या नावाड्याला इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबायला सांगा. आम्ही मागे गेलो होतो तेव्हा पाच-सहा बोटी एकाच कळपामागे धावत होत्या, तेव्हा मलाही ते सुचलं नव्हतं.

इंजिनाचं सांगायचं कारण असं, की जहाजांचा आवाज वाढला की डॉल्फिनच्या शिट्ट्या साध्या होतात. वळणं कमी होतात, रेघ सपाट होत जाते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हे मोजलं गेलं आहे. हजिऱ्याच्या धक्क्यावरून निघताना आमच्या दोन्ही बाजूंना मोठी जहाजं उभी होती. मुलीने हे आबांना कागदावर लिहून दाखवलं. आबांनी वाचलं आणि म्हणाले, "खात्यासारखंच."

घोघा जवळ आलं तेव्हा मुलीने लिहून विचारलं, "माझी शिट्टी कोणती?" खरंच की. ती जन्मली तोवर आम्ही फ्लॅटमध्ये आलो होतो, घरात फोन होते, तिला शिट्टी कुणी दिलीच नव्हती. आबा म्हणाले, "तूच सांग." तिने वहीच्या पानावर एक रेघ काढली. खाली उतरून मग दोनदा वर जाणारी, शेवटी आकडा.

आबांनी ती नीट बघितली, दोन बोटं तोंडात घातली आणि वाजवली. डेकवरची माणसं वळून बघायला लागली.

"वाजली का?" आबांनी विचारलं.