शिळ्या पोळीची सकाळ

फाल्गुनी पौर्णिमेला इंदुरात राजवाड्यासमोर होळकरांच्या काळापासून चालत आलेली सरकारी होळी पेटते. ती पाहून रामबागेत परतावे, तो घरोघरच्या खिडक्यांतून तुपावर भाजल्या जाणाऱ्या पुरणपोळीचा वास सामोरा येतो. १८१८ साली होळकरांची राजधानी महेश्वराहून येथे आली. दक्षिणेतून आलेली कुटुंबे इथलीच झाली, बोलीत हिंदी शिरली. होळीचे पुरण मात्र तेच राहिले.

आमच्या घरी आईचे एक पितळी मापटे आहे. होळीला दोन मापटी हरभऱ्याची डाळ आणि तितकाच गूळ, हा तिचा बारा माणसांचा हिशेब. आईला जाऊन दोन वर्षे झाली, मुलगा पुण्यास नोकरीला. घरात उरलो आम्ही दोघे. म्हणून यंदा मी सौ.ला म्हणालो, "एकच मापटे पुरे." तिने उत्तर दिले नाही. दोन मापटी डाळ निवडून शिजत टाकली. डाळ बोटाने दाबताच मोडू लागली, तेव्हा वरचे पाणी कटाच्या आमटीसाठी निथळून घेतले, गूळ घातला आणि पुरणात उलथणे उभे राहीपर्यंत ते आटवले. पुरणयंत्र फिरवण्याचे काम माझ्याकडे असते. सहामाहीचे पेपर तपासणे त्याहून सोपे! पोळ्या एकावर एक न रचता फडक्यावर सुट्या निववायच्या, हा आईचा दंडक. एरवी त्या घामेजून सकाळी वातड होतात.

रात्री दोघांत मिळून तीन पोळ्या संपल्या. उरलेल्या पोळ्यांकडे पाहून मी काही बोललो नाही, एवढाच माझा संयम.

धुळवडीच्या सकाळी गाव पोहे-जिलबी खाते. आमच्याकडे तव्यावर तूप सोडून शिळी पोळी. कडा कुरकुरीत होतात, आतले पुरण मऊ राहते. आमटीत चिंच-गूळ आणि गोडा मसाला रात्रभर मुरलेला असतो. 'शिळे' या शब्दाला आपण उगीच हिणवले आहे. माळव्यात होळीनंतर सातव्या दिवशी, शीतला सप्तमीला, चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी रांधलेले अन्नच देवीचा प्रसाद होते. शेजारच्या माळवी काकी तो दरवर्षी आमच्याकडे आठवणीने पाठवतात.

नऊच्या सुमारास त्यांचीच नातवंडे आपले सवंगडी घेऊन, गुलालाने माखून दारात उभी राहिली. धाकटीने विचारले, "दादीवाली बासी पूरनपोली है न?" आईला ही मुले दादी म्हणत. सौ. तव्यासमोरून उठलीच नाही. एकेक पोळी गरम करून देत राहिली. अकरा वाजता फडके रिकामे झाले, माझ्या वाटणीसुद्धा. मी आमटी-भातावर भागवले. आमटी मात्र खरोखर उत्तम मुरली होती.