हिंगोलीत खोली पाहताना

जून उजाडला की आपल्या घरात दोन काळज्या एकदमच येतात. एक पेरणीची, दुसरी दहावी झालेल्या लेकराला शिकायला कुठे ठेवावे याची. वसतिगृहात नंबर लागला तर उत्तमच. नाही लागला तर हिंगोलीत भाड्याची खोली पाहणे आले. मुलाचे कसेतरी भागते; मुलीचे शिक्षण मात्र पुष्कळदा या खोलीपाशीच अडते.

स्टँडवर उतरलात की रिक्षा करू नका, पायीच निघा. जुन्या हिंगोलीत रिसाला बाजार, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा अशी नावे कानी पडतील. 1903 पर्यंत येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, तिच्या या खुणा. रिसाला म्हणजे घोडदळ. मोटारी नव्हत्या तेव्हाची ही वस्ती, त्यामुळे किराणा, दवाखाना, पिठाची गिरणी सारे चालत जाण्याच्या टप्प्यात. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि गावाबाहेर नवी नगरे वाढत गेली. तिकडे खोल्या हवेशीर, पण प्रत्येक कामाला रिक्षा.

आता हिशेब करा. समजा, लांबची खोली 500 रुपयांनी स्वस्त आहे. रिक्षाला जाताना 20, येताना 20. महिन्याचे 25 दिवस धरले तर 1000 रुपये झाले. स्वस्त काय पडले?

मी स्वतः यात फसलो आहे. पुतणीला अशीच लांबची खोली करून दिली. दिवाळीनंतर दिवस लहान झाले, शिकवणी सुटेपर्यंत अंधार पडू लागला, आणि महिन्याभरात पोरीने गावी परतण्याची भाषा काढली. मी भाडे पाहिले होते, रस्ता पाहिला नव्हता. मग जुन्या वस्तीत, घरमालकीणबाई खालीच राहतात अशी लहानशी खोली पाहिली. पोर टिकली.

म्हणून खोली दिवसा पाहा आणि सातच्या सुमारास त्याच वाटेने पुन्हा चाला. दिवे आहेत का, दुकाने उघडी असतात का, ते बघा. रान घेताना आपण विहिरीचे उन्हाळ्यातले पाणी विचारतो, तसेच इथेही मे महिन्यात नळ किती दिवसांआड येतो ते शेजाऱ्याला विचारा. मालकाला नव्हे!

करार लेखी असावा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. अनामत किती, परत कधी, हे त्यात लिहून घ्या. भाड्याची पावती दरमहा मागा. नोकरदाराला महिन्याला पगार; आपला पैसा सोयाबीन निघाल्यावर आणि हळद विकल्यावर येतो. काही मालक दोन हप्त्यांत भाडे घ्यायला तयार होतात. विचारायला संकोच कसला? ठरले तर तेही कागदावर येऊ द्या.

किल्ली मिळाली की मुलीबरोबर कॉलेजपर्यंत एकदा चालत जा, आणि येताना शेजारच्या मावशींशी तिची ओळख करून द्या.